मधली टेकडी

सर गेल्यावर त्यांना जाळायचं की बसवायचं, हा वाद वालूरमध्ये सर चांगले धडधाकट असतानाच सुरू झाला होता. बाकीच्यांचं आधी मरण होतं आणि मग असले प्रश्न निघतात. सरांनी तो निवृत्तीच्याही आधी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, हातात माइक असताना काढला.

त्याचं असं, की सर लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात बाळगलेलं लिंग हातावर ठेवतात आणि बसल्या जागी मातीआड करतात. वर ओटा बांधला की झाली समाधी. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. आणि सर माइकवरून सांगत होते, मला जाळा, माझी राख तीन टेकड्यांवर टाका, आणि ओटा बांधाल तर याद राखा. समोर बसलेल्या आयाबायांना वाटलं, सरांना काहीतरी मोठं दुखणं निघालंय. हेडमास्तरांनी घाईघाईनं पुढचं कोळीनृत्य पुकारलं.

दुखणं निघालं नव्हतं. ते जुनंच होतं, आणि व्हिएतनामचं होतं.

मी त्या शाळेत नवा लागलो तेव्हा सरांच्या शेजारीच खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "आमचे काका बोटीवर आचाऱ्याच्या हाताखाली होते." मी म्हणालो, "वा." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्या काकांना चीनमध्ये बेड्या घातल्या होत्या." तेव्हा मात्र मी चौकशी केली. हे काका म्हणजे व्हिएतनामचे एके काळचे कम्युनिस्ट अध्यक्ष. तिथली सगळी प्रजा त्यांना काकाच म्हणे, म्हणून सरही म्हणत. नाव मात्र कधी घेत नसत. कारण विचारलं तर सांगत, "त्यांनी पोलिसांना चुकवायला जन्मात इतकी नावं बदलली, त्यातलं कोणतं घेऊ?" यावर सरांच्या बायकोचं, म्हणजे अक्काचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "नावच घ्यायचं न्हाई म्हन्ल्यावर ह्यांचा नवराच झाला की वो तो."

ओळख कशी झाली, तर पुस्तकाच्या कव्हरमुळे. सर शाळेत असताना त्यांच्या वडिलांच्या किराणा दुकानात परदेशी मासिकांची रद्दी येई. गुळगुळीत, रंगीत, जाड कागद. त्याची कव्हरं पोरं पुस्तकांना घालत. सरांच्या इतिहासाच्या पुस्तकाला जे पान आलं, त्यावर एक काडीसारखा म्हातारा झाडांना पाणी घालत होता. वर्षभर इतिहास आत राहिला आणि म्हातारा बाहेर. सरांनी जास्त वेळ कव्हरच वाचलं असं त्यांचे मार्क सांगत होते. पुढे ते औरंगाबादला शिकायला गेले, ग्रंथालयात म्हाताऱ्याचा माग काढला, आणि परत आल्या आल्या गळ्यातलं लिंग घरच्या खुंटीला टांगलं. ते लिंग अक्कानं लग्न होऊन आल्यावर उचललं, पुसलं आणि आपल्या लिंगाशेजारी ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी दोघांची पूजा ती एकटीच करी. सरांना हे चालायचं. त्यांच्या समतेत ते बसत असावं.

सर भूगोल शिकवत, पण धडा कोणताही असो, गाडी तिकडेच जाई. कोकणातला भात निघाला की तिकडचा भात निघे, भातातून चिखल, चिखलातून टायरच्या चपला, आणि चपलांतून अध्यक्ष. आमच्या शाळेतल्या पोरांना जिल्ह्यातल्या नद्या सांगता येत नसत, पण अध्यक्षांनी लंडनच्या हॉटेलात भांडी घासली, पॅरिसमध्ये लोकांचे फोटो सुधारून देत पोट भरलं, भाड्याचा कोट घालून बड्या देशांच्या परिषदेत स्वातंत्र्य मागायला गेले आणि कुणी दारातसुद्धा उभं केलं नाही, हे सगळं तोंडपाठ होतं. तीसेक वर्षं घर सोडून फिरले. परतले ते डोंगरातल्या एका गुहेत येऊन राहिले, आणि तिथून फ्रेंचांना हाकलायला लागले. शेवटी राज्य आलं, राजवाडा मिळाला, तर त्यात राहीनात. मागच्या बागेत खांबांवर लाकडी घर बांधून घेतलं आणि त्यात राहिले. सर हे सांगत तेव्हा वर्गात कुणी खोकत नसे. मी दारातून ऐकलेलं आहे.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पोरांना सोपा प्रश्न म्हणून विचारलं, "राष्ट्राध्यक्ष कुठं राहतात?" वर्ग एका सुरात ओरडला, "माळ्यावर!" साहेबांनी पुन्हा विचारलं. पोरं पुन्हा ओरडली, आणखी जोरात. साहेबांनी शेरा लिहिला, तो हेडमास्तरांनी कुणाला दाखवला नाही.

पोरांचा दोष नव्हता. त्यांनी माळा डोळ्यांनी पाहिला होता. सरांनी स्वतःच्या अंगणात, तीन खोल्यांच्या पक्क्या घरासमोर, चार खांबांवर एक लाकडी खोली उभी केली होती. आमच्याकडे शेतात ज्वारी राखायला असा माळा बांधतात, वर बसून गोफण फिरवायला. त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारी, "सर, कशाची पाखरं राखायलाव?" सर वरून उत्तर देत, "भांडवलशाहीची." विचारणारा म्हणे, "बरं बरं, राखा," आणि पुढं जाई.

टायरच्या चपलाही होत्याच. सेलूच्या बसस्टँडसमोरच्या चांभाराकडून त्या करून घेत. पण वालूरमध्ये टायरच्या चपला घालणारे आधीच पुष्कळ होते. त्यामागं काही तत्त्व असतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सरांनी सांगितल्यावर त्यांना फारसा आनंदही झाला नाही.

दाढीनं मात्र सरांचा घात केला. अध्यक्षांची दाढी पातळ, चार केसांची. सरांनी तशीच राखायला घेतली, पण ती आली दाट, छातीभर. बघता बघता ते हुबेहूब एखाद्या मठाचे महाराज दिसायला लागले. परगावचा कुणी बसमधून उतरला की सरळ वाकून पायाला हात लावी. सर ओरडत, "अरे, मी नास्तिक हाय!" तो म्हणे, "व्हय महाराज," आणि दुसऱ्या पायाला हात लावी.

आणि मासे. अध्यक्ष तळ्याकाठी उभं राहून टाळी वाजवत आणि मासे गोळा होत, असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी अंगणात सिमेंटचा हौद बांधला आणि येलदरीच्या धरणावरून मासे आणून सोडले. ज्या घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नव्हता, त्या घरात मासे! अक्का आठ दिवस त्या बाजूला फिरकली नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय वं अक्का, सर खायला लागले का?" मग एक दिवस तिनं हौदात डोकावलं, शिळी भाकरी कुस्करून टाकली, आणि तिथून पुढं ते मासे तिचे झाले. सर सकाळी हौदापाशी उभे राहून टाळी वाजवत, मासे येत, आणि सर आमच्याकडे असं बघत, की जणू काही क्रांती झाली.

आता मुख्य गोष्ट. सर त्या माळ्यावरच राहत. अध्यक्षांना तिकडे हाताखाली किती माणसं होती, ते सरांनी कधी सांगितलं नाही. आमच्या अध्यक्षांना एकच होती. "अगं, चहा." अक्का शिडी चढून चहा देई, खाली येई. "अगं, चष्मा राहिला." पुन्हा शिडी. "अगं, पाणी." मी माझ्या खोलीच्या दारातून हे रोज बघत होतो. जगातल्या सगळ्या दबलेल्यांवर सर वरून बोलत असत आणि अक्का शिडीच्या मधल्या पायरीवर एका हातात कप धरून उभी असे. तिनं तक्रार कधी केली नाही. एकदा फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी लगीन करताल तवा घर बुटकं बघा."

जाळायचं की बसवायचं, यात तिचं मत वेगळं होतं, आणि ते ती लपवत नव्हती. सरांचा मुद्दा अध्यक्षांच्या मृत्युपत्रातला. त्यांनी लिहून ठेवलं होतं, मला जाळा, ते स्वच्छही असतं आणि शेतीची जमीनही अडत नाही. राख तीन भाग करून देशाच्या उत्तरेला, मध्याला आणि दक्षिणेला एकेका टेकडीवर टाका. ते गेले आणि त्यांच्याच माणसांनी मृत्युपत्रातलं तेवढं गाळून बाकीचं छापलं. देहात औषधं भरली, काचेच्या पेटीत निजवला, वर दगडी इमारत उठवली. मरणाची तारीखसुद्धा एका दिवसानं पुढं ढकलली, कारण खरी तारीख देशाच्या सणाच्या दिवशी पडत होती. सर हे सांगताना मांडीवर मूठ आपटत. "सबंध देश ज्याच्या शब्दावर मेला, त्याचा स्वतःच्या मढ्याबद्दलचा एक शब्द पाळता आला न्हाई ह्यांना!"

"म्हणून ह्या घरात समाधी न्हाई," ते म्हणत. "मेलेल्यानं जित्याची जमीन अडवू नाई. मी बी जळणार, तू बी जळणार."

अक्का भाकरी थापता थापता म्हणे, "तुमी खुशाल जळा. मी बसूनच जानार. उभ्या जन्मात बसायला गावलं न्हाई मला. आता मेल्यावर तरी बसू द्या."

हे वाक्य तिनं इतक्यांदा आणि इतक्या लोकांसमोर म्हटलं होतं, की गल्लीतली पोरंसुद्धा तिची नक्कल करत. आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची. पण एकदा तिला लिंगपूजा झाल्यावर एकटीच बसलेली पाहिलं, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "सर, ह्यांच्या हट्टापायी मला लाकडावर घालतेत का वो खरंच? आगीची मला लय भीती हाय." आणि तळहातावरचा तव्याचा जुना डाग दाखवला. मी काहीतरी समजूत घातली. ती कशी घातली ते आठवत नाही, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. सरांचा हट्ट मला माहीत होता.

त्या हट्टापायी माझे किती रविवार गेले! जिल्ह्यापुरत्या का होईना, तीन टेकड्या पाहिजेत ना. माझ्याकडे मोटारसायकल, म्हणून मान मला. उत्तरेचा प्रश्न लगेच सुटला. बोरीवरून पुढं जिंतूरकडे गेलं की डोंगर लागतोच. सरांनी एक टेकडी पसंत केली, वर चढून जरा वेळ डोळे मिटून उभे राहिले, खाली येऊन म्हणाले, "वारं चांगलं हाय." दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाची रांग, तिथं तर निवडायला वाव. अडलं ते मध्ये. परभणी जिल्ह्याचा मध्य म्हणजे काळ्या जमिनीचा पोळपाट. आम्ही पाण्याच्या टाक्या पाहिल्या, वीटभट्ट्यांचे ढीग पाहिले, जिनिंगमधला सरकीचा ढीगसुद्धा सरांनी बराच वेळ न्याहाळला. शेवटी पोखर्णीच्या रस्त्याला कालवा खोदताना निघालेल्या मातीचा एक जुना उंचवटा सापडला. वर बाभळी उगवलेल्या. सर खूश झाले. पुढच्या खेपेला दाखवायला अक्कालाही रिक्षा करून घेऊन गेले, तर तिथं उंचवटाच नव्हता. रस्त्याच्या कंत्राटदारानं टिप्पर लावून सगळा उचलून नेला होता. सपाट जागेत उभं राहून सर म्हणाले, "हितंच होती."

अक्का रिक्षातून उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, "बघा, जित्याची टेकडी टिकना, आन्‌ ह्यांना मेल्यावर पायजे."

व्हिएतनाम सरांनी कधी पाहिलं नाही. ते पाहिलं खत-बियाण्यांचं दुकान असलेल्या नंदूनं. एका बियाणे कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांची फुकट सहल काढली होती. नंदू तिकडून आला आणि संध्याकाळी सरळ माळ्याखाली येऊन उभा राहिला. "सर, तुमच्या काकाला बघून आलो!"

सरांना शिडीवरून इतक्या घाईनं उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली. "कसे हायत?" असंच विचारलं त्यांनी.

"काचंत ठेवलाय. लय गार हाय आत. टोपी काढायला लावतेत, खिशात हात घालू देईनात, फोटो तर काढायचाच न्हाई. लायनीत चालायचं, उभं राहायचं न्हाई. आमी शाळेतल्या पोरांवानी एकामागं एक चाललो."

"चेहरा?"

नंदूनं विचार केला. "दमल्यावानी दिसतो बघा. म्हन्जे, झोपायचं हाय पन ही मानसं झोपू देईनात, असा."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "तळं? मासे?"

"हायत की. सगळे सहलवाले वरून खाऊ टाकायलेत. मासे फुगून असे झालेत."

त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी भेटेल त्याला बजावायला सुरुवात केली, "मला असं ठेवायचं न्हाई, आत्ताच सांगतो." वालूरमध्ये त्यांना काचेत ठेवण्याची कुणाची योजना होती असं माझ्या ऐकिवात नाही. अक्का तर म्हणाली, "ठेवायला गारवा कुठून आनू? लाइट सकाळी गेली ती अजून आली न्हाई."

एकदाच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं, आणि तेही तिच्यामुळेच. शाळेतल्या एका नव्या शिक्षकानं मोबाइलवर वाचून विचारलं होतं, की तुमच्या अध्यक्षांच्या राज्यात जमिनी वाटताना पुष्कळ लोक मारले गेले म्हणे. सर दोन दिवस बोलले नाहीत. मग घरी चहा घेताना आपणहून म्हणाले, "चूक झाली होती. पण काका लोकांसमोर रडले होते." अक्का कपबशा उचलत होती. ती म्हणाली, "मारून रडलं की काय हुतंय?" सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि शिडी चढून वर गेले. त्या संध्याकाळी वरून कुणी काही मागितलं नाही.

अक्का गेली ती पावसाळा सरताना. सकाळी हौदापाशी भाकरी कुस्करत होती, तिथंच कोसळली. सेलूला नेईपर्यंत संपलं होतं. परत आणली, अंगणात निजवली. सर माळ्यावर चढून बसले ते खाली येईनात.

अंगण भरलं. बायका रडत होत्या, पण अर्धवट. प्रत्येकीचं लक्ष वर होतं. जंगम स्वामी आले. लिंगायतांच्या घरचे सगळे विधी तेच करतात. पण तेही फाटकाबाहेर उभे राहिले. समाधी नको म्हणून सरांनी माइकवरून सांगितलं होतं, तेव्हा ते पहिल्या ओळीत बसलेले होते. सरांचा चुलतभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय करावं सर? लाकडं सांगू का? उगं नंतर तमाशा नको." मला तिचा तळहात आठवला. मी म्हणालो, "उमाला येऊ द्या."

उमा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, लातूरला दवाखान्यात नर्स. ती दुपारी आली. आईजवळ बसली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि उठून माळ्याखाली गेली. शिडीला हात लावून म्हणाली, "अप्पा, काय करायचं?"

तिनं शिडी जरा हलवली.

"अप्पा, तुमच्या काकांचं मृत्युपत्र गाळलं म्हणून तुमी जन्मभर त्या लोकांना शिव्या घातल्या. आईनं काही लिहून ठेवलं न्हाई. पण तिला काय पाहिजे होतं, ते सगळ्या गल्लीला पाठ हाय. आता तुमी गाळणार का?"

माळ्याच्या फळ्या वाजल्या. सर एकेक पायरी खाली आले. ती शिडी अक्का किती सहज चढायची, आणि ते किती जपून उतरत होते, हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. फाटकाकडे बघून ते म्हणाले, "स्वामी, आत या. बसवा तिला."

कुठं, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "शेतात. विहिरीजवळ." चुलतभाऊ चपापला. विहिरीजवळचा तुकडा म्हणजे सरांच्या रानातली सगळ्यात चांगली जमीन. टोकाला मुरमाड कोपरा होता, सगळ्यांच्या मनात तोच होता. सर म्हणाले, "मुरमात टोचंल."

खड्डा झाला. स्वामींनी काठीनं माप घेतलं, ठीक आहे म्हणाले. सर काठाशी उभं राहून बघत होते. एकदम खाली बसले, पाय आत सोडले आणि खड्ड्यात उतरले. आम्हाला वाटलं तोल गेला. पण ते आत मांडी घालून बसले. मागं सरकले, पाठ मातीला लावून पाहिली, मान टेकवून पाहिली.

स्वामी कावरेबावरे झाले. "सर, वर या. जित्या मानसानं बसू नाई तिथं."

"पाठ टेकना," सर म्हणाले. "खालून जरा आत घ्या. असं बसलं तर कंबर भरून येईल."

"सर, आवो..."

"स्वामी, ती काय चहापुरती बसायलीय का? कायमची बसायलीय. अवघडून कसं चालंल?"

माणसांनी पुन्हा कुदळ घेतली. सरांनी आणखी एकदा बसून पाहिलं, मग वर यायला हात मागितला. तो मी दिला. त्यांच्या दाढीला माती लागली होती, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात वर्षानुवर्षं जो राग साठला होता, तो त्या हाताबरोबर निघून गेला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

अक्काला भस्म लावलं, बसवलं, डाव्या हातावर लिंग ठेवलं. उमानं पूजेच्या डबीतून दुसरं लिंगही काढलं, सरांचं, आणि त्यांच्यापुढं धरलं. सर म्हणाले, "ते बी तिच्याकडंच द्या. सांभाळलं तिनंच." स्वामी म्हणाले, शास्त्रात असं बसत नाही. पण थोडं थांबून त्यांनीच ते ठेवून दिलं.

नंतरचे सर वेगळेच. माळ्यावर राहायचे, पण चहा स्वतः करायचे आणि खालीच, चुलीपाशी उभं राहून प्यायचे. एक दिवस सकाळी मला हाक मारली. हौदापाशी उभे होते. "बघा," म्हणाले आणि टाळी वाजवली. मासे आले नाहीत. पुन्हा वाजवली. नाहीत. "पंधरा दिवस झाले येईनात." मग त्यांनी स्वतःच सांगितलं. ते हौदापाशी येण्याआधीच अक्का रोज भाकरी टाकून जायची, हे त्यांना उमानं फोनवर सांगितलं होतं. मासे आधीच वर आलेले असत, सरांची टाळी नंतरची.

"तिकडं बी," सर हौदाच्या काठावर टेकत म्हणाले, "कोणीतरी आधी टाकत असंल की हो."

ओट्याला त्यांनी विरोध केला नाही. उलट दगड स्वतः आणले. कमरेइतका उंच ओटा उठला. पुढं एका रविवारी मी विचारलं, "सर, मधली टेकडी शोधायला जायचं का पुन्हा?" ते विहिरीकडच्या वाटेला लागले, मी मागोमाग. ओट्यापाशी जाऊन त्यांनी वरची पानं झटकली. चारी बाजूंना काळी, सपाट जमीन, हरभरा नुकता वर आलेला.

"सापडली," सर म्हणाले. "ह्या शिवारात ह्याच्यापेक्षा उंच काही न्हाई." मग जरा वेळानं म्हणाले, "आमच्या काकांना बायको नव्हती. त्यांना कुठलीबी टेकडी चालली असती."

सर गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारी माळ्यावर निजले ते उठले नाहीत. त्यांना जाळलं. लिंगायत घरातलं ते आमच्या गावातलं पहिलंच जाळणं. लोक कुजबुजले, पण कुणी अडवलं नाही. स्वामीही आले आणि लांब लिंबाखाली उभे राहिले. राखेचे तीन भाग केले. जिंतूरच्या टेकडीवर मी आणि नंदू जाऊन आलो, वारं खरंच चांगलं होतं. गंगाखेडच्या डोंगरावर चुलतभाऊ गेला. तिसरा भाग स्टीलच्या डब्यात घेऊन उमा आणि मी शेतात आलो.

तिनं डबा उघडला. ओट्यावर थोडी थोडी करून राख पसरली. थोडी वाऱ्यानं हरभऱ्यावर गेली. काम झाल्यावर तिनं डबा विसळला, पदराला हात पुसले आणि ओट्याकडे तोंड करून, लहान पोराला बजावावं तसं बोट दाखवून म्हणाली,

"अप्पा, आई बसलीय. आता चहा मागायचा न्हाई."